आईबाबांना घेऊन व्हिटबीला जायचंय, एका दिवसात काय काय बघावं?

अबोली_लीड्स
नमस्कार मंडळी, आम्ही लीड्सला राहतो, आईबाबा गेल्या महिन्यात रत्नागिरीहून आलेत. लंडन झालं, यॉर्क झालं, आता बाबा म्हणतायत मोठी शहरं बास झाली, एखादं लहानसं गाव दाखव जिथे माणसं खरोखरची राहतात आणि ज्याला काही इतिहास आहे. ऑफिसमधल्या दोघीतिघींनी व्हिटबीचं नाव सुचवलं, समुद्र आहे म्हटल्यावर आई लगेच तयार झाली, आल्यापासून तिला समुद्र दिसलेला नाही आणि ते तिला फार जड जातंय.

अडचण अशी की यूट्यूबवर बघावं तर अर्ध्या व्हिडिओंमधे ड्रॅक्युला आणि उरलेल्यांमधे फिश अँड चिप्स. बाबा ३४ वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवत होते, त्यांना असं वरवरचं दाखवलं तर बोलणार काही नाहीत पण गप्प होतील, ते मला बघवत नाही. शिवाय त्यांचे गुडघे दुखतात आणि तिथे १९९ पायऱ्या आहेत म्हणे. आई पूर्ण शाकाहारी. येत्या शनिवारी गाडीने जायचा विचार आहे. खरंच बघण्यासारखं काय आहे आणि कुठून सुरुवात करावी, कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

मूरवाला
ताई जरूर जा. मी मिडल्सबरोला असतो, घरी पाहुणे आले की पहिली फेरी व्हिटबीची. लीड्सहून दोन तास धरा, यॉर्कच्या पुढे माल्टन, पिकरिंग आणि मग मूर्सच्या मोकळ्या माळांवरून. सध्या ऑगस्ट आहे म्हणजे हेदर फुललेलं असणार, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर जांभळा माळ. कास पठार आठवेल पण कासला नाना रंग असतात, इथे सगळीकडे तो एकच रंग, आणि मेंढ्या खुशाल रस्त्याच्या कडेला बसलेल्या, तेव्हा गाडी हळू चालवा. (गाडी नसलेल्यांसाठी सांगतो, लीड्सहून थेट ८४० नंबरची बस जाते याच रस्त्याने, वेळ बराच लागतो पण वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर सोनं.)

गावात पार्किंग शोधत फिरू नका, शनिवारी तर नकोच. आधी सरळ ॲबीच्या म्हणजे जुन्या पडक्या मठाच्या टेकडीवर जा, वर पैसे भरून गाडी लावता येते आणि तिथून ॲबी अगदी जवळ. ॲबी आणि शेजारचं सेंट मेरी चर्च निवांत बघून पायऱ्या उतरून गावात या, म्हणजे चढायचा प्रश्नच नाही, नंतर तुम्ही एकट्या वर जाऊन गाडी खाली आणा.

आणि आईंसाठी महत्त्वाचं. इथे यॉर्कशरमधे बऱ्याचशा चिपीत म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात चिप्स बीफ ड्रिपिंगमधे म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात, जुनी पद्धत आहे त्यांची. नुसते बटाटे आहेत म्हणून आपण बिनधास्त घेतो. काउंटरवर आधी विचारा तेल कुठलं, व्हेजिटेबल ऑइलवाली दुकानंही आहेत. माझ्या आईने न विचारता खाल्ले होते आणि कळल्यावर दोन दिवस जेवली नाही, म्हणून कळकळीने सांगतोय.

साईसुट्यो
पायऱ्या उतरायचा सल्ला मला पटला नाही हो. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, सगळा भार गुडघ्यावर येतो, माझ्या सासऱ्यांना हेच झालं, खाली येईतो पाय थरथरत होते. त्यापेक्षा हळूहळू चढू दे काकांना. मधेमधे सपाट रुंद टप्पे आहेत, बाकं आहेत, बसत बसत गेलं की अर्ध्या तासात होतं. ते टप्पे कशासाठी आहेत माहितीये का, पूर्वी खालच्या गावातून मयत याच पायऱ्यांनी वरच्या चर्चच्या दफनभूमीत न्यायचे, तेव्हा शवपेटी टेकवून खांदेकऱ्यांनी दम खायचा तो त्या टप्प्यावर. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो ना, तस्साच. हे कळल्यापासून मी त्या बाकांवर बसते तेव्हा जरा शांतच बसते.

आधी लाकडी होत्या, १७७४ ला दगडी केल्या. आणि अगदीच जमत नसेल तर दोन्ही वेळा गाडीनेच जा वर, त्यात काही कमीपणा नाही.

निशाचर
ड्रॅक्युलाला एवढं नाकारू नका, तोही त्या गावचाच म्हणायचा. ड्रॅक्युला कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबीला राहिला होता, ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं आणि कादंबरीतलं वादळात किनाऱ्याला लागणारं जहाज म्हणजे १८८५ ला तिथे खरंच फुटलेलं दिमित्री नावाचं रशियन जहाज. ड्रॅक्युलाची कबर मात्र शोधू नका, ती नाहीच.

आडवाट
बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत ना, मग त्यांना आधी घरीच हिल्डची गोष्ट सांगा आणि मग ॲबीत न्या. नाहीतर चार उंच भिंती आणि पलीकडे समुद्र, एवढंच दिसतं.

६५७ साली नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वी याने तिथे मठ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला, ती हिल्ड. बायका आणि पुरुष दोघांचा मठ आणि प्रमुख बाई, तेराशे-साडेतेराशे वर्षांपूर्वी. पाच बिशप तिच्या मठात तयार झाले, राजे तिचा सल्ला घ्यायला यायचे.

आता खरी गंमत. तेव्हा तिथे ईस्टर कधी करायचा याच्या दोन गणना चालू होत्या. राजा आयर्लंडच्या साधूंकडून शिकलेला, राणी केंटमधे वाढलेली, ती रोमची गणना मानणारी. त्यामुळे काही वर्षी असं व्हायचं की राजाकडे ईस्टरची मेजवानी चाललीये आणि त्याच वाड्यात राणी आणि तिची माणसं अजून उपास धरून बसलीयेत. तुम्ही रत्नागिरीचे म्हणजे हे समजवायला नको, टिळक पंचांग आणि दाते पंचांग, एकाच आळीत एका घरी सण झालेला आणि शेजारी अजून व्हायचा असं आपण बघितलेलं आहे. तर हा तिढा सोडवायला ६६४ साली हिल्डच्या मठात सभा भरली. आयर्लंडच्या बाजूने कोलमन, रोमच्या बाजूने विल्फ्रिड. विल्फ्रिडने शेवटी मुद्दा काढला की स्वर्गाच्या किल्ल्या सेंट पीटरकडे आहेत आणि रोम त्याचं. राजाने कोलमनला विचारलं, हे खरं का, तो हो म्हणाला, तशी राजा म्हणाला की मग दारावर जो उभा आहे त्याच्याशी मी वाकडं घेणार नाही. संपला विषय. कोलमन आपली माणसं घेऊन निघून गेला आणि इंग्लंडचा चर्च रोमच्या वाटेने लागला. हिल्ड स्वतः हरलेल्या बाजूची होती, पण तिने निर्णय मानला आणि पुढे १६ वर्षं, मरेपर्यंत, तोच मठ चालवला. मला त्या सभेपेक्षा तिचं हे वागणं मोठं वाटतं.

अजून एक, कॅडमन. मठातला गुराखी. जेवणं झाली की हार्प एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची आणि जो तो गायचा, आपली पाळी येतेय असं दिसलं की हा उठून गोठ्यात जायचा कारण याला गाताच येत नव्हतं. एका रात्री गोठ्यात झोपला असताना स्वप्नात कोणी म्हणालं मला गाऊन दाखव, काय गाऊ, तर सृष्टी कशी झाली ते गा. सकाळी उठला तर गाणं पाठ. हिल्डने त्याची परीक्षा घेतली आणि त्याला मठात सामील करून घेतलं. नऊ ओळींचं ते स्तोत्र आजही आहे, इंग्रजीतला नाव माहीत असलेला पहिला कवी तो हा. चर्चच्या आवारात १८९८ ला त्याच्या नावाचा उंच क्रॉस उभारलाय, पायऱ्या संपल्या की समोरच.

एक लक्षात ठेवा, आत्ता दिसतात त्या भिंती हिल्डच्या नाहीत. तिचा मठ डेन लोकांच्या धाडींच्या काळात गेला (गावाचं नावही त्यांनीच ठेवलेलं, शेवटचं बी म्हणजे वस्ती), १०७८ च्या सुमारास रेनफ्रिड नावाच्या नॉर्मन शिपायाने पुन्हा सुरू केला आणि या उंच कमानी त्याच्याही नंतरच्या, तेराव्या शतकापासूनच्या. १५३९ ला आठव्या हेन्रीने मठ बंद केला. मग वारा, पाऊस, १८३० ला मधला मनोरा कोसळला, आणि डिसेंबर १९१४ मधे जर्मन युद्धनौकांनी समुद्रातून तोफा डागल्या त्यात पश्चिमेची बाजू फुटली.

सेंट मेरीचं दार उघडं असेल तर आत शिराच. बाहेरून बसकं, साधं दिसतं, आत खोक्यांसारखी दारं असलेली लाकडी बाकं, वर गॅलऱ्या, मधे शेगडी आणि तीन मजली व्यासपीठ. जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या गावातलं चर्च आहे ते, जहाजाच्या पोटात उभं असल्यासारखं वाटतं. काही बाकांवर फक्त परगावच्यांसाठी असं लिहिलंय, तुमच्या बाबांना तिथे बसवून फोटो काढा.

शिडाची_होडी
वर सगळं ॲबीचंच चाललंय म्हणून लिहितोय. मी मर्चंट नेव्हीत होतो, माझ्यासाठी व्हिटबी म्हणजे खालचं बंदर. एस्क नदीच्या तोंडावरचं एवढंसं गाव, मधे १९०८ चा पूल जो भरतीच्या वेळी बोटींसाठी दोन्हीकडे आडवा फिरून उघडतो, तो उघडताना नक्की थांबून बघा, माणसं मुकाट दोन्ही बाजूंना उभी राहतात.

पुलाजवळच ग्रेप लेनमधे जॉन वॉकरचं घर आहे, आता म्युझियम. १७४६ ला जेम्स कुक नावाचा शेतमजुराचा पोरगा त्याच्याकडे उमेदवारीला आला. कोळशाच्या बोटी होत्या वॉकरच्या, टाइन नदीवरून लंडनला कोळसा. हिवाळ्यात बोटी बंद असायच्या तेव्हा ही पोरं त्या घराच्या माळ्यावर झोपायची आणि नेव्हिगेशन शिकायची. पुढे जगाच्या सफरीला निघायची वेळ आली तेव्हा या माणसासाठी झकपक युद्धनौका घेतली नाही, व्हिटबीचीच कोळशाची बोट घेतली, १७६४ ला बांधलेली, तीच एंडेव्हर. कारण तिचा तळ सपाट. आपल्या खाडीतल्या मचव्यांसारखी ओहोटीला वाळूवर सरळ बसते, कलंडत नाही. १७७० ला ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर आपटून भोक पडलं तेव्हा नदीच्या तोंडाशी नेऊन किनाऱ्यावर ओढून दुरुस्त केली, खोल तळाच्या जहाजाला हे जमलं नसतं. नंतरची रेझोल्यूशन, ॲडव्हेंचर, डिस्कव्हरी, सगळी व्हिटबीचीच. एवढ्याशा नदीत.

आता एक गोष्ट जी तिथे जाणारे आपले लोक सहसा बघत नाहीत. ३० ऑक्टोबर १९१४ ला पहाटे रोहिला नावाचं हॉस्पिटल शिप व्हिटबीच्या दक्षिणेला सॉल्टविकच्या खडकावर चढलं. रोहिला म्हटल्यावर आपल्याला पानिपत आणि नजीबखान आठवणार, आणि नाव तिथलंच, कारण जहाज बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, युद्धासाठी घेतलेलं. तिच्या जोडीच्या जहाजाचं नाव रेवा. माझे आजोबा बी.आय.च्या बोटींवर खलाशी होते, नंतरच्या काळात, त्यामुळे व्हिटबीत हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागीच थबकलो.

जहाजावर २२९ माणसं. डनकर्कहून जखमी आणायला निघालेले. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे बंद. किनाऱ्यावरून हाका ऐकू येतील इतक्या जवळ जहाज दुभंगलं आणि तरी तीन दिवस लागले. वल्ह्याची लाइफबोट गावकऱ्यांनी बंदराच्या भिंतीवरून उचलून खडकांवरून ओढत नेली, दोन फेऱ्यांत ३५ जणांना आणलं, मग बोटच खिळखिळी झाली. शेवटी टाइनमथहून मोटारची लाइफबोट आली, लाटांवर तेल ओतून समुद्र जरा दाबला आणि उरलेल्या ५० जणांना काढलं. ऐंशीच्या वर माणसं गेली. मोटार लाइफबोटींवर लोकांचा विश्वास बसला तो त्यानंतर. गावाच्या स्मशानभूमीत कंपनीने उभारलेलं स्मारक आहे. लाइफबोट म्युझियममधे वेळ काढाच.

अबोली_लीड्स
बापरे, मंडळी, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना आडवाट यांचं उत्तर वाचून दाखवलं, ते पंचांगावर दोनदा थांबवून हसले आणि आता रोज ओस्वी ओस्वी चाललंय. चिप्सचं तर मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं!! एक शेवटचं, आईला तिथले काळे दागिने बघायचेत, जेट म्हणतात ते. घ्यावेत का, खरेखोटे कसे ओळखायचे?

खडकवेडा
जेट म्हणजे दगड नाहीच, ते लाकूड आहे. आताच्या मंकी पझल झाडाच्या पूर्वजांची लाकडं समुद्रात वाहून तळाशी गाडली गेली, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून हाताला हलकं लागतं आणि काचेसारखं गार लागत नाही, ही पहिली खूण. दुसरी, पॉलिश नसलेल्या चिनीमातीवर घासलं तर खरं जेट तपकिरी रेघ सोडतं. जुन्या बाजारात काळ्या काचेचे दागिनेही फ्रेंच जेट या नावाने असतात, ते जड आणि गार. किनाऱ्यालगतच्या गल्लीत अजून हाताने काम करणारी दुकानं आहेत, तिथे विचारून घ्या, घासून दाखवतात.

१८६१ ला राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट गेला आणि तिने दुखवट्यात जेट घातलं, मग सगळ्या देशाने घातलं, एका वेळी गावात हजाराच्या वर माणसं हेच काम करत होती. तिकडे काळा मणी दुखवट्याचा आणि आपल्याकडे काळा मणी सौभाग्याचा.

पण ताई, तुम्हाला लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जेट ज्या कड्यांत मिळतं त्याच कड्यांत अमोनाइट मिळतात, गोल वेटोळ्याचे दगड. गावात पूर्वीपासून सांगतात की हिल्डने मठासाठी जागा साफ करताना सगळ्या सापांचे दगड केले, ते हे. आता सापाला डोकं हवं ना, तर तिथले कारागीर दगडावर डोकं कोरून विकायचे. गावाच्या मानचिन्हातही तीन वेटोळी आहेत आणि शास्त्रज्ञांनी एका जातीला नावच हिल्डोसेरास दिलंय. पॅनेट पार्कमधल्या म्युझियममधे डोकं कोरलेले दगड ठेवलेत.

आणि तुमच्या रत्नागिरीच्या देवघरात शाळिग्राम असेल तर तोही अमोनाइटच. गंडकीच्या पात्रातला, तोही ज्युरासिक काळातलाच, आतलं चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचं वेटोळं. एकच जातकुळीचा जीव, एका ठिकाणी विष्णू म्हणून रोज स्नान घातलं जातं आणि दुसरीकडे संतिणीने शापलेला साप. बाबांना हे म्युझियममधेच सांगा, आधी नको.

किनाऱ्यावर शोधायला गेलात तर ओहोटीची वेळ बघूनच जा आणि कड्याखाली उभं राहू नका, दगड सुटतात.

अबोली_लीड्स
जाऊन आलो!! कालच. लिहिल्याशिवाय राहवेना.

हेदर खरंच तसंच होतं, आईने गाडी थांबवायला लावली आणि वाकून एक काडी हातात घेऊन बघत राहिली, एवढाली फुलं, तांदळाच्या कणीएवढी. गाडी वर लावली, ॲबी बघितली. वारा असा की बाबांची टोपी धरूनच ठेवावी लागली, पण ते त्या कमानींखाली दोन्ही हात मागे बांधून, वर्गात फिरायचे तसे फिरले आणि मला आणि नवऱ्याला ६६४ ची सभा पुन्हा पहिल्यापासून शिकवली, विल्फ्रिड कुठे उभा असेल इथपर्यंत. चर्चच्या आवारातले थडग्यांचे दगड बघून मात्र गप्प झाले, खाऱ्या वाऱ्याने अक्षरं पार पुसून गेलीयेत, दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीयेत, नाव कुणाचं ते हात फिरवूनही कळत नाही. पायऱ्या बाबा उतरले नाहीत, साईसुट्यो यांचं ऐकलं, मी आणि आई उतरलो आणि नवऱ्याने त्यांना गाडीने खाली आणलं.

जेटच्या दुकानात बाईंनी आईच्या तळहातावर कच्चा तुकडा ठेवला. आई म्हणाली, हे तर सुपारीसारखं हलकं. मग मी त्यांना आईचं मंगळसूत्र दाखवून काळ्या मण्यांचं सांगितलं, की आमच्यात हे नवरा आहे तोवर घालतात, तर त्या बाई एकदम थांबल्या, म्हणाल्या माझ्या पणजीने पणजोबा बुडाल्यावर घातलेला हार माझ्याकडे आहे. दोघी एकमेकींच्या गळ्याकडे बघत होत्या, भाषा येत नाही एकमेकींची. आईने छोटे कानातले घेतले.

चिप्स विचारून घेतले, व्हेजिटेबल ऑइलचे मिळाले, दुसऱ्या दुकानात. सीगलने नवऱ्याच्या हातातून दोन पळवले.

आणि म्युझियम. खडकवेडा, तुमचं ऐकलं, आधी काही बोलले नाही. बाबा काचेजवळ गेले, डोकं कोरलेला दगड बघितला, मग बाजूचा डोकं नसलेला, आणि मी सांगायच्या आधीच म्हणाले, अगं हा तर आपला देवघरातला. आमच्याकडे आजोबांच्या आजोबांपासूनचा शाळिग्राम आहे. तिथूनच रत्नागिरीला काकांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले, काकांना म्हणे सोवळं राहू दे, हात धू आणि शाळिग्राम घे, टॉर्च लाव, तोंडातून आत बघ आणि वळसे मोज. काका मोजतायत, बाबा इकडे काचेवर बोट ठेवून मोजतायत, गार्ड काही बोलला नाही, बाजूला उभा राहून बघत होता.

स्मशानभूमीतलं रोहिलाचं स्मारक राहिलं, उशीर झाला. बाबा म्हणतायत परत जायच्या आधी अजून एक शनिवार काढ. शिडाची_होडी, ते नेमकं कुठल्या बाजूला आहे, गाडी आतपर्यंत जाते का?